समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे

डुगाँग या समुद्रगायीचा विषय निघाला की ती शेवाळावर जगते, असे हमखास सांगितले जाते. गोदावरीकाठच्या आपल्या मंचेरियलपासून समुद्र लांब, तेव्हा हा समज पसरला तर नवल नाही. तिचे अन्न आहे समुद्री गवत. ही सपुष्प वनस्पती (फुले आणि बिया येणारी) उथळ, नितळ पाण्यात वाळूखालच्या मूलकांडाने (आडवे वाढणारे खोड) पसरते.

फरक गोदावरीच्या घाटावरही दिसेल. पायरीवरचे शेवाळ नखाने खरवडून निघते. काठावरची हराळी उपटली तर मुळांबरोबर मातीचे ढेकूळ वर येते. समुद्री गवतही असाच तळ धरून ठेवते. त्यामुळे तळ खरवडत जाणारी ट्रॉलरची जाळी त्याचा मुळासकट नाश करते, आणि गाळाने पाणी गढूळले की ऊन न मिळून ते खंगते.

डुगाँग मासाही नव्हे. हा सस्तन प्राणी दिवसाला तीस-चाळीस किलो गवत फस्त करतो. श्वासासाठी त्याला दर काही मिनिटांनी वर यावे लागते. जाळ्यात अडकला की तो गुदमरतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते, तेही काही वर्षांच्या अंतराने.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण कुरणच गेले तर बंदी काय कामाची? तमिळनाडूने २०२२मध्ये पाल्क उपसागरात सुमारे ४४८ चौरस किलोमीटरचे देशातले पहिले डुगाँग संवर्धन क्षेत्र घोषित केले, ते या गवतासकट. जाळ्यात सापडलेला डुगाँग सोडून देणाऱ्या मच्छीमारांना तिथले वनखाते बक्षीसही देते.