जहाजावर चढलेली राजधानी

29 नोव्हेंबर 1807. लिस्बनवर कोसळणारा पाऊस थांबला, वारा फिरला आणि दोन दिवस नदीच्या मुखाशी अडकून पडलेला जहाजांचा ताफा अखेर समुद्रात शिरला. त्यात पोर्तुगालची राणी होती, तिच्या नावानं कारभार पाहणारा युवराज दों जुआंव होता. मंत्री, न्यायाधीश, सरदार, धर्मगुरू आणि त्यांचे नोकरचाकरही होते. दुसऱ्याच दिवशी नेपोलियनचा सेनापती ज्युनो शहरात आला. त्याच्यासोबत जेमतेम दीड हजार सैनिक होते, तेही डोंगरवाटांनी अर्धमेले झालेले.

एवढ्यांना लिस्बननं सहज अडवलं असतं, असं आज नकाशा पुढ्यात घेऊन म्हणता येतं. पण त्यांच्या मागून आणखी फौज येत होती आणि शेजारचा स्पेन शत्रूच्या गोटात होता. 27 ऑक्टोबरच्या फोंतेनब्लो तहात फ्रान्स आणि स्पेननं पोर्तुगालचे तीन तुकडे करायचं ठरवलं होतं. इंग्रजांना बंदरं बंद करावीत, तर इंग्रजांचं आरमार वसाहती गिळणार. न करावीत, तर नेपोलियन येणार. दों जुआंव महिनोन् महिने दोघांनाही झुलवत राहिला. अखेर ब्रागांझा घराण्याचं राज्य संपल्याची घोषणा छापलेलं फ्रेंच वृत्तपत्र लिस्बनला पोचलं आणि निघायचं ठरलं.

बेत मात्र जुना होता. राजानं ब्राझीलमधल्या रिओला जाऊन राहावं असं मुत्सद्दी लुईश दा कुन्यानं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुचवलं होतं. 1803 मध्ये रोद्रिगो द सोझा कुतिन्यो यानं पुन्हा तेच सांगितलं. ऑक्टोबर 1807 मध्ये तर इंग्रजांशी गुप्त करारही झाला होता. इतकी पूर्वतयारी असूनही लिस्बनच्या बेलेंच्या धक्क्यावर जो गोंधळ उडाला, त्याला तोड नाही. चर्चमधली चांदी गाड्यांसकट तिथेच राहिली. राजग्रंथालयाच्या पेट्या चिखलात भिजत पडल्या. कित्येक जण अंगावरच्या कपड्यांनिशी जहाजावर चढले, तर काही कुटुंबांची ताटातूट झाली. मनोरुग्ण राणी मारियानं गाडीवानाला ‘हळू हाक, लोकांना आपण पळतोय असं वाटेल’ असं सुनावल्याची कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या गर्दीत शहाणपणाचं बोलणारी ती एकटीच असावी!

एक पेटी मात्र सुटली नाही. परराष्ट्र खात्यासाठी इंग्लंडहून मागवलेलं छपाईयंत्र मंत्री अरावझू यांनी ‘मेदुझा’ जहाजावर चढवलं. रिओत 13 मे 1808 रोजी शाही छापखाना निघाला तो याच यंत्रावर. ब्राझीलमध्ये त्याआधी छपाईला बंदीच होती. आपल्या गोव्यात मात्र छापखाना 1556 मध्येच आला होता.

मागे राहिलेल्यांसाठी युवराजानं हुकूम ठेवला, तो फ्रेंचांचं स्वागत शांतपणे करण्याचा. रक्तपात टाळायचा, हे कारण मान्य करता येतं. तरी धक्क्यावर उभ्या माणसाला त्यात काय दिसलं असेल? 13 डिसेंबरला किल्ल्यावरचा पोर्तुगीज झेंडा उतरवून फ्रेंच झेंडा चढला, तेव्हा लिस्बनमध्ये दंगल उसळली. तिला दिशा द्यायला दरबार नव्हता.

जहाजांवर किती माणसं होती? दहा ते पंधरा हजार हा आकडा पूर्वापार चालत आला आहे. अलीकडचे काही इतिहासकार तो बराच कमी मानतात. रिओला मार्च 1808 मध्ये पोचल्यावर त्यांच्यासाठी स्थानिकांची घरं ताब्यात घेतली गेली. आगंतुकांच्या थाटामागे गुलामांचे श्रम होते आणि आफ्रिकेतून गुलाम आणणारी जहाजंही वाढली. त्यांच्यासाठी 1811 पासून वालोंगोचा दगडी धक्का बांधला गेला. पळून आलेल्यांचं कौतुक करणाऱ्या पुस्तकांत राजवाडे आणि वनस्पती उद्यान येतं, हा धक्का सहसा येत नाही.

संरक्षणाची किंमत इंग्रजांनी चोख वसूल केली. रिओला पोचण्याआधी वाटेत साल्व्हादोरला पाय ठेवताच, 28 जानेवारीला, दों जुआंवनं ब्राझीलची बंदरं मित्रराष्ट्रांना उघडली. पुढे 1810 च्या तहानंतर ब्राझीलमध्ये इंग्रजी मालावर 15 टक्के जकात लागू झाली, तर खुद्द पोर्तुगीज मालावर 16 टक्के!

या उलथापालथीचे धागे मांडवीपर्यंत पोचतात. गोव्याचे हुकूम आता रिओहून निघत होते. 1560 मध्ये सुरू झालेलं गोव्याचं इन्क्विझिशन 1812 मध्ये कायमचं बंद झालं, ते याच युवराजाच्या आज्ञेनं. लिस्बनचं इन्क्विझिशन 1821 पर्यंत टिकलं. धर्मछळ संपवणारा हा निर्णय उदारपणातून आला असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. इंग्रजांचा दबाव होताच. पण निर्णय घेणारा दरबार समुद्रापलीकडचा होता, हे विसरता येत नाही.

नेपोलियन पडला, तरी दों जुआंव परत जाईना. 1815 मध्ये त्यानं ब्राझीलला पोर्तुगालच्या बरोबरीचं राज्य ठरवलं. इकडे लिस्बनमध्ये सैन्याची सूत्रं इंग्रज सेनानी बेरेसफर्डकडे होती आणि आपण वसाहत झालो, ही भावना वाढत होती. 1820 मध्ये पोर्तोत क्रांती झाल्यावर दों जुआंवला परतावंच लागलं. जाताना दरबारानं बँक ऑफ ब्राझीलमधला पैसाही उपसून नेला. मागे ठेवलेल्या मुलानं, पेद्रूनं, 7 सप्टेंबर 1822 रोजी ब्राझील स्वतंत्र केला. 1825 मध्ये पोर्तुगालनं ते मान्य केलं. बदल्यात ब्राझीलनं 20 लाख पौंडांचा बोजा उचलला आणि दों जुआंवला हयातभर मिरवायला ब्राझीलचा ‘सम्राट’ हा मानाचा किताब मिळाला.