क्लचवांचून गिअर बदलणें

शेतावर मोटारसायकलनें जाणाऱ्या बागाइतदारांवर क्लचची तार वाटेंत तुटण्याचा प्रसंग केव्हां ना केव्हां येतो. तेवढ्यावरून गाडी घरापर्यंत ढकलीत आणावयास नको.

मोटारसायकलच्या गिअरपेटींत दांत्यांचीं चाकें सदैव एकमेकांत गुंतलेलीं असतात. गिअर बदलतांना त्यांच्या बाजूचे खुंट मात्र सुटतात व दुसरे अडकतात. इंजिनाच्या ओढीनें हे खुंट आवळलेले असतात. ओढ थांबतांच ते सैल होतात. म्हणून वरचा गिअर घेतांना दांड्यावर पायाचा हलका दाब ठेवून अ‍ॅक्सिलरेटरची मूठ क्षणभर मिटावी. खालचा घेतांना वेग पुरता उतरूं द्यावा व मूठ किंचित् उघडतांच दांडा दाबावा. थांबण्यापूर्वीं गाडी न्यूट्रलमध्यें आणावी.

कित्येक चारचाकी क्वाडांत गिअरचा दांडा दाबतांच क्लच आपोआप सुटतो. तेथें या युक्तीचें प्रयोजन नाहीं.

ही सवय मात्र लावून घेऊं नये. ओझें लादलेलें असतां किंवा घाईनें असें केल्यास खुंटांच्या कडा झिजतात, गिअर ऐन चढावर निसटूं लागतो, आणि दुरुस्तीस सारें इंजिन उघडावें लागतें. त्यापेक्षां एक जादा तार गाडींत बाळगणें अल्प खर्चाचें आहे.