हलत्या शिल्पाला तेल कोण घालणार?

जबलपूरला पाहुणे आले की आम्ही त्यांना भेडाघाट दाखवतो आणि परतताना मदन महालाच्या टेकडीवर थांबतो. तिथे एका खडकावर दुसरा भलामोठा खडक टेकला आहे. जेमतेम टेकला आहे, एवढंच म्हणता येईल. दोन्हींच्या मधल्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो. याला सगळे बॅलन्सिंग रॉक म्हणतात. खांदा लावून तो ढकलून पाहिला नाही, असा पाहुणा माझ्या आठवणीत नाही. २२ मे १९९७ला मध्यरात्र उलटून गेल्यावर भूकंप झाला. घरं पडली, माणसं दगावली, पण हा खडक होता तिथेच राहिला.

खडक हलत नाही, पण आता हलेल असं वाटत राहतं. त्या वाटण्यापायीच माणूस तिथे ठरवलेल्यापेक्षा दहा मिनिटं जास्त रेंगाळतो. हलत्या शिल्पांविषयी मी जे काही वाचलं, पाहिलं, त्याचं मूळ मला या दहा मिनिटांत सापडतं.

मी राहतो विजय नगरात. रुंद रस्ते, आखीव प्लॉट, संध्याकाळी अहिंसा चौकापासून पुढे खाण्याच्या गाड्यांची गर्दी. जवळच कचनार सिटीत ७६ फुटी शंकराची बसलेली मूर्ती आहे. श्रावणात तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या मूर्तीचं स्थैर्य हाच तिचा भाव आहे, ती हलावी असं कुणाच्या मनातही येणार नाही. पण चौकाचौकांतले पुतळे, कारंजी, सिमेंटचे मोर, पोलादी कमळं यांचं काय? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या शहरांनी चौक सजवण्यावर पुष्कळ खर्च केला. त्या सगळ्या सजावटीत वाऱ्याने फिरणारी, पाण्याने डोलणारी, स्वतःच्या वजनाने झुलणारी वस्तू शोधू गेलं तर हाताची बोटंही जास्त होतील. असं का, याचा मी बरेच दिवस विचार करतो आहे.

कलेच्या इतिहासात हलतं शिल्प ही साधारण शंभर वर्षांची गोष्ट. १९१३मध्ये मार्सेल द्यूशाँने स्टुलावर सायकलचं चाक उलटं बसवलं. १९२०मध्ये नाउम गाबोने एका उभ्या पोलादी सळईला मोटर जोडली. सळई थरथरू लागली की हवेत एक आकार दिसायचा आणि मोटर बंद झाली की तो नाहीसा व्हायचा. पण हलतं शिल्प लोकांपर्यंत खऱ्या अर्थाने नेलं ते अलेक्झांडर काल्डर या अमेरिकन माणसाने. त्याचे आजोबा शिल्पकार, वडील शिल्पकार. फिलाडेल्फियाच्या नगरभवनाच्या शिखरावरचा विल्यम पेनचा पुतळा आजोबांचा. नातू मात्र आधी मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि मग कलेकडे वळला. तारा, पत्र्याचे रंगीत तुकडे आणि तोल, एवढ्यावर त्याने हवेच्या झुळकीनेही डोलणारी शिल्पं केली. त्यांना ‘मोबाइल’ हे नाव द्यूशाँने दिलं. आज तो शब्द ऐकला की आपला हात खिशाकडे जातो, पण १९३१मध्ये त्याचा अर्थ असा झुलणारा होता. १९५५मध्ये गीरा साराभाईंच्या निमंत्रणावरून काल्डर अहमदाबादला येऊन राहिला आणि तिथेच त्याने काही शिल्पं घडवली. मला हा माणूस जवळचा वाटतो, कारण पक्कड हातात घेऊन विचार करणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

शिल्पकार जॉर्ज रिकीचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धात त्याला विमानांवरच्या शस्त्रांच्या यंत्रणेचं काम मिळालं, तिथल्या वर्कशॉपमध्ये त्याचा हात यंत्रांवर बसला. युद्धानंतर त्याच हाताने त्याने पोलादाची लांब, निमुळती पाती केली आणि ती बेअरिंगवर अशी तोलली की वारा आला की ती सावकाश झुकतात आणि एकमेकांना न लागता परत येतात. तोफांच्या गाड्या घडवणाऱ्या गावात वाढलेल्या मला ही हकीकत वाचून फार बरं वाटलं होतं.

स्वित्झर्लंडच्या झाँ तँगलीची तऱ्हा वेगळी. मार्च १९६०मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत त्याने सायकलची चाकं, जुना पियानो, मोटरी आणि भंगार जोडून एक यंत्र उभं केलं. लोकांसमोर स्वतःला मोडून टाकणं, एवढंच त्या यंत्राचं काम होतं. अर्ध्या तासाच्या आत अग्निशमन दलाला मधे पडावं लागलं. पण मला त्याचं बाझेलचं कारंजं अधिक मोलाचं वाटतं. तिथलं जुनं नाट्यगृह पाडल्यावर त्याने रंगमंचाच्या यंत्रसामग्रीतले भाग घेतले आणि १९७७मध्ये उथळ पाण्यात यंत्रांचा एक मेळा उभा केला. एक पाणी चाळतं, एक ओतत राहतं, एक नुसतंच मान हलवतं. गावाचं मोडलेलं नाट्यगृह अजून चौकात काम करतं आहे.

ब्यूनस आयर्समध्ये एदुआर्दो कातालानो या वास्तुकाराने २००२मध्ये २३ मीटर उंचीचं धातूचं फूल बसवलं. सहा पाकळ्या, सकाळी उमलायच्या आणि संध्याकाळी मिटायच्या. काही वर्षांनी यंत्रणा बिघडली आणि पाकळ्या उघड्याच राहिल्या. २०१५मध्ये दुरुस्ती झाली आणि फूल पुन्हा मिटू लागलं. मग डिसेंबर २०२३च्या वादळाने पाकळीच तोडून नेली. हे वाचताना मला प्रश्न पडला तो सौंदर्याचा नव्हता. इतक्या वर्षांत त्या पाकळ्यांच्या सांध्यांना ग्रीस कोण लावत होतं? त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघत होता?

प्रश्न कोरडा वाटेल, पण सगळं इथेच अडतं. उभा पुतळा एकदा बसवला की जयंती-पुण्यतिथीला धुतला तरी चालतो. हलत्या वस्तूला रोज माणूस लागतो. बेअरिंग कोरडं पडतं, धूळ बसते, पावसाळ्यात पिन गंजते, कबुतर घरटं करतं. माझ्या पाहण्यातल्या एका चौकात फिरतं कारंजं बसवलं होतं. उद्घाटनाला मी होतो. दिव्यांच्या उजेडात पाण्याची छत्री गोल फिरली तेव्हा मुलं ओरडली होती. दोन पावसाळ्यांनंतर मोटर जळाली, नंतर टाकीत पिशव्या साचल्या, आता तिथे कुंड्या आहेत. त्यात कुणा एकाला दोष देऊन भागत नाही. बसवण्याचा खर्च मंजूर झाला होता, चालू ठेवण्याचा कुणी धरलाच नव्हता.

आपल्या देशात हलत्या शिल्पाचं एक थोर उदाहरण आहे आणि ते हलतं हे पाहून आलेल्यांतल्या अनेकांना माहीतही नसतं. चंदीगडचा ‘ओपन हँड’, वास्तुकार ल कार्बूझिएचा उघडा पंजा. उंची २६ मीटर, वजन सुमारे ५० टन, आणि वारा वळला की तोही वळतो. कार्बूझिए १९६५मध्ये गेला. पंजा उभा राहिला १९८५मध्ये. त्याचा पत्रा ठोकून घडवला तो नांगलच्या कारखान्यात, भाक्रा धरणाच्या कामासाठी तयार झालेल्या कारागिरांनी. एवढी कल्पना करणारा माणूस मोठाच, पण ५० टनांना वाऱ्याच्या जोरावर फिरवायचं तर तोल आणि बेअरिंग किती नेमकं लागत असेल! त्या ठोकणाऱ्या हातांची नावं आपल्याला ठाऊक नसावीत याची मला खंत वाटते.

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात सुदर्शन शेट्टी यांची पंख लावलेली डबल डेकर बस उभी आहे. शेट्टींच्या कलादालनांतल्या कितीतरी कामांत मोटर असते, वस्तू झुलतात, आपटतात. या बसचे पोलादी पंख मात्र स्थिर आहेत. बस सुंदर आहे. तरीही तिच्यासमोर उभं राहिलो तेव्हा एकदा तरी ते पंख फडफडावेत असं मला लहान मुलासारखं वाटलं.

आणि तरीही मराठी माणसाला हलतं शिल्प परकं आहे असं कुणी म्हणू नये. ‘कायनेटिक’ हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधीपासून आपण ते रस्त्यावर, फुकट, हजारोंच्या गर्दीत उभं राहून पाहत आलो आहोत. गणपतीतला हलता देखावा! मुंबईकडे त्याला चलतचित्र म्हणतात. पुण्यात तुळशीबाग मंडळाशी अनेक दशकं जोडलेले शिल्पकार डी. एस. खटावकर यांच्यासारख्या कलावंतांनी मंडपाला कलेची प्रतिष्ठा दिली. हिराबागेचे हलते देखावे पाहायला लोक रात्र रात्र रांगेत थांबत. कला समीक्षेच्या पुस्तकांत या कामाला चार ओळीही मिळत नाहीत, हा मला अन्याय वाटतो.

तो देखावा हलतो कसा, हे मी अगदी जवळून पाहिलं आहे. आमच्या इथल्या एका मंडळात अफझलखानवधाचा देखावा होता. मी नववीत असेन. कारखान्यात टर्नर असलेले एक काका संध्याकाळची पाळी संपवून मंडपात यायचे. मी त्यांचा पाने-पकड देणारा. मोटर भंगारातल्या ट्रकच्या वायपरची होती, कबाड्याकडून आणलेली. वायपरची मोटर मुळातच हळू आणि जोरकस फिरते, म्हणून मंडळांची ती आवडती. तिच्या दांड्यावर काकांनी लाकडाचा कॅम बसवला होता, म्हणजे एका बाजूला फुगीर अशी चकती. चकती फिरली की तिच्यावर टेकलेली पट्टी वर उचलली जाई आणि पट्टीला बांधलेली तार महाराजांचा हात उचले. पहिल्या दिवशी हात वर गेला आणि लगेच खाली आला. पंख्याला हात लावल्यासारखं दिसलं. काकांनी मान हलवली, कॅम काढला, घरी नेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फुगीर भागाचा वरचा थोडा घेर कानस मारून दांड्याच्या मध्यापासून सारख्या अंतरावर राहील असा गोल करून आणला. आता पट्टी वर जायची आणि तो गोल घेर सरकून जाईपर्यंत तिथेच थांबायची. हात वर गेला, थांबला, मग खाली आला. त्या थांबण्याने सगळी गर्दी श्वास धरून उभी राहिली. ‘थांबतो तिथे माणूस दिसतो रे,’ काका म्हणाले. शिल्पाविषयी मला कुणी शिकवलेली ही सर्वांत मोठी गोष्ट.

दहाही दिवस काका रोज आरतीच्या आधी येत. तेलाची कुपी, चिंधी, टॉर्च. तार सैल झाली का पाहत, मोटर किती तापली ते हाताने चाचपून बघत. हलत्या देखाव्याची ताकद मला यातच दिसते: तो बसवणारा आणि राखणारा माणूस एकच असतो, आणि तो मांडवापासून हाकेच्या अंतरावर राहतो.

याचं भव्य रूप पाहायचं तर इंदूरला जावं. होळकरांच्या त्या शहरात अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झाँक्या निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. गाड्यांवर दिव्यांनी लखलखणारे प्रसंग, मान वळवणारे देव, उडणारा हनुमान, आणि रस्त्याच्या दुतर्फा पहाटेपर्यंत जागणारं शहर. ही रीत साधारण शंभर वर्षांची आहे. हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली. कामगारांची देणी अडकली ती तीन दशकं. सुमारे ४,८०० कामगारांच्या २२४ कोटी रुपयांचा मार्ग मोकळा झाला डिसेंबर २०२३मध्ये. या सगळ्या काळात गिरणीचा भोंगा बंद होता, पण झाँकी निघत राहिली. पगार थांबलेल्या माणसांनी वर्गणी काढून, मदत मागून चाकं फिरती ठेवली. जगातल्या कुठल्या शहराने हलत्या कलेवर इतकं प्रेम केलं असेल, मला सांगता येणार नाही.

पुण्यात मात्र हलत्या देखाव्यांची जागा आता बरीचशी जिवंत देखाव्यांनी घेतली आहे. तरुण मुलं-मुली स्वतःच प्रसंग सादर करतात, त्यात जोश असतो, विषय ताजे असतात. मी त्याला नावं ठेवत नाही. पण कॅम कापणारा, तारेचा ताण ओळखणारा हात त्याबरोबर नाहीसा होतो आहे, आणि तो कुठल्या कला महाविद्यालयात शिकवला जात नाही.

आमच्या जबलपुरात तो हात अजून आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून, पुढे रेल्वे आणि कारखान्यांमुळे, इथे मराठी घरं रुजली. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची, व्हेइकल फॅक्टरी १९६९ची. तीन-तीन पिढ्या टर्नर, फिटर, वेल्डर असलेली घरं मी विजय नगरातच दाखवू शकतो. गोलबाजारच्या शहीद स्मारकाच्या भिंतींवर ब्योहार राममनोहर सिंहा आणि त्यांच्या सोबत्यांनी चित्रं केली. हे गाव कलेला परकं नाही, आणि लेथला तर नाहीच.

म्हणून मला वाटतं, अहिंसा चौकात एक उंच खांब असावा आणि त्यावर रिकीसारखी दोन-तीन निमुळती पाती. विजेची मोटर नको. मे महिन्यात दुपारनंतर आंधी येते तेव्हा ती जोरात झुकतील, थंडीत जेमतेम हलतील. ती कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसांनी घडवावीत. आणि निविदेत पहिल्या दिवसापासून एक माणूस लिहिलेला असावा. पगारी, नावानिशी, तेलाच्या कुपीसकट. शिडी लावून महिन्यातून दोनदा वर चढणारा. त्याला खालून रिक्षावाले विचारतील, काय चाललंय, आणि तो वरूनच सांगेल.

काका आता नाहीत. त्यांच्या मुलाकडे परवा गेलो होतो. अनंत चतुर्दशीला देखावा उतरवला की काका बेअरिंगं रॉकेलमध्ये धुवायचे, पुसायचे, ग्रीस भरायचे आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. तो डबा मुलाने माळ्यावरून काढून दिला. आत तेलकट कागदात गुंडाळलेली चार बेअरिंगं आणि तो कॅम होता. एक बेअरिंग बोटावर घेऊन मी फिरवून पाहिलं. बराच वेळ ते आवाज न करता फिरत राहिलं.