दाखल-खारीज

चिमूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक लोखंडी कपाटातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढतात. पानांच्या कडा हात लावताच तुटतात. इथे बहुतेक लोक जात पडताळणीसाठी पणजोबाची नोंद शोधायला येतात. आज समोर अमेरिकेत जन्मलेली तरुणी, तिचा अमेरिकी नवरा आणि गावातले चुलत आजोबा बसले आहेत. तिला ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड काढायचं आहे.

तिचे वडीलही तिकडेच जन्मलेले, म्हणून सगळी भिस्त आजोबांवर. त्यांचा भारतीय पासपोर्ट सापडत नाही. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर जो भारताचा नागरिक होता, त्याची मुलं, नातवंडं, पणतवंडंही अर्ज करू शकतात. मात्र प्रत्येक पिढीचा कागद लागतो. तिचा जन्मदाखला वडिलांपर्यंत पोचतो, वडिलांचा आजोबांपर्यंत. आजोबा इथले, हे आता याच रजिस्टरातून दाखवायचं आहे.

"हे पाहा जी." मुख्याध्यापकांचं बोट एका ओळीवर थांबतं. मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जिल्हा चांदा. नातीला देवनागरी येत नाही. चुलत आजोबा एकेक अक्षर वाचून दाखवतात. अमेरिकेतल्या कागदांवर हेच नाव निम्मं उरलं आहे.

"गुरुजी, तिकडचंच नाव टाकून द्या ना."

"नाही जमत, आबाजी. रजिस्टरात आहे तेच उतरवीन. फरकासाठी प्रतिज्ञापत्र करा."

दाखल्याला किंमत आहे ती या नकारामुळे. हा उतारा जोडून तहसील कार्यालयात जन्मस्थानाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज होणार आहे.

नवऱ्याचा अर्ज तिच्या कार्डावर अवलंबून आहे. लग्नाची नोंद हवी, आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं तरी ते लग्न टिकलेलं हवं. घटस्फोट झाला तर त्याचं कार्ड रद्द होऊ शकतं.

"मंग तिले इथं वावर घेता येईल का जी? मतदान?" चुलत आजोबा विचारतात.

नाही. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही; वारशानं मात्र मिळू शकते. व्हिसा न काढता जन्मभर येता-जाता येतं.

"येनंजानं ऱ्हायलं म्हणजे झालं," चुलत आजोबा म्हणतात.

मुख्याध्यापक सही करतात, शिक्का मारतात. मी त्या तुटक्या कडांकडे पाहते. कायद्यानं पणतवंडाला दिलेला हक्क इथलं एक पान फाटलं तरी अडू शकतो. जातीचा दाखला मागणाऱ्या शेजारच्या पोराचंही तेच. ही रजिस्टरं तातडीनं स्कॅन व्हायला हवीत, आणि मूळ वह्याही वाळवीपासून जपायला हव्यात.