ट्रॅक्टरची डिझेल गाळणी : घरच्या घरी बदलण्याची रीत

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला की शेतकऱ्याच्या हाती फार थोडे दिवस असतात. भारी काळ्या जमिनीत तर ते अगदी मोजके असतात. वाफसा हुकला व पुन्हा झड लागली, तर शेतात पाऊल घालता येत नाही आणि पेरणी लांबत जाते. अशा ऐन हंगामात ट्रॅक्टर काकरीच्या मध्यावर दम टाकू लागला, म्हणजे होणारे नुकसान एकट्या मालकाचे नसते. लहान धारणेचे अनेक शेतकरी मशागतीसाठी भाड्याच्या ट्रॅक्टरवर अवलंबून असतात. एक ट्रॅक्टर उभा राहिला की त्याच्या पाळीवर असलेल्या सर्व शेतांची कामे खोळंबतात.

या खोळंब्याचे मूळ पुष्कळदा मोठ्या बिघाडात नसून काही शे रुपयांच्या तुंबलेल्या डिझेल गाळणीत, म्हणजे ज्यास आपण डिझेल फिल्टर म्हणतो त्यात, असते. ही गाळणी बदलण्याचे काम कठीण नाही. दोन पाने, स्वच्छ फडके आणि तासाभराची सवड एवढ्यावर ते घरच्या गोठ्यासमोर होऊ शकते. मात्र ते नेटके न केल्यास गाळणी न बदलण्यापेक्षाही अधिक हानी होते. यास्तव या कामाची रीत व त्यामागील कारणे ट्रॅक्टर चालविणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे इष्ट आहे.

गाळणीचे कार्य

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वीपणे चालले. तथापि ते लहान आकारात, वाहनास व शेतीस उपयोगी पडेल असे होण्यास इंधन मोजून व दाबून सोडणाऱ्या अचूक पंपाची आवश्यकता होती. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ मध्ये असे पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास प्रारंभ केला. आपल्या देशात बंगळूर येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने, म्हणजेच ‘मायको’ने, हे पंप बनविले. या कंपनीचे नाव २००८ पासून बॉश लिमिटेड असे आहे.

या पंपातील दट्ट्या व त्याचे नळकांडे यांच्यामधील फट अवघी दोन ते चार मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय. माणसाच्या केसाची जाडी सुमारे सत्तर मायक्रॉन भरते. यावरून ही फट किती सूक्ष्म आहे याची कल्पना येईल. या दट्ट्यास वंगण मिळते तेही डिझेलचेच. डिझेलमधून डोळ्यांना न दिसणारी धूळ आत गेली, तर ती कानशीप्रमाणे दट्ट्या घासत राहते. पाणी गेले, तर दट्ट्या व नोझल गंजतात. पंप व नोझल दुरुस्त करण्याचा खर्च हजारो रुपयांच्या घरात जातो. तो टाळण्यासाठी वाटेत बसविलेला स्वस्त पहारेकरी म्हणजे ही गाळणी होय.

गाळणीतील कागद साधा नसतो. राळेचे संस्कार केलेला हा कागद घड्या घालून बसविलेला असतो, त्यामुळे लहानशा डब्यात पुष्कळ पृष्ठभाग मिळतो. त्याची छिद्रे हळूहळू बुजत जातात व अखेरीस डिझेलची वाट अडते. अशी गाळणी पेट्रोलमध्ये धुऊन पुन्हा बसविण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. ती सर्वस्वी चुकीची आहे. धुताना कागद फाटतो किंवा अडकलेली घाण स्वच्छ बाजूस जाते, आणि पुढे तीच थेट पंपात उतरते.

तुंबल्याची लक्षणे

रिकाम्या चालीत इंजिनास डिझेल थोडे लागते. म्हणून अर्धवट तुंबलेली गाळणी असली तरी ट्रॅक्टर अंगणात उत्तम चालतो. नांगर किंवा रोटाव्हेटर जमिनीत उतरताच डिझेलची गरज कित्येक पटींनी वाढते आणि दोष उघड होतो. भार येताच जोर कमी होणे, इंजिन अडखळत चालून बंद पडणे, थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होणे व सकाळी सुरू होण्यास वेळ लागणे ही त्याची मुख्य लक्षणे होत. काळा धूर अधिक येत असेल, तर प्रथम हवेची गाळणी तपासावी.

परंतु लक्षणांची वाट पाहणे शहाणपणाचे नव्हे. प्रत्येक ट्रॅक्टरच्या माहिती पुस्तिकेत गाळणी किती तासांनी बदलावी हे दिलेले असते. तासांचा आकडा मीटरवर पाहून त्यानुसार, आणि शक्यतो हंगामाच्या तोंडावर न करता त्यापूर्वी पंधरा दिवस, हे काम उरकावे. म्हणजे बसविण्यात काही उणे राहिले तरी ते हलक्या कामातच लक्षात येते.

ज्या ट्रॅक्टरवर दोन गाळण्या असतात, त्यांत पहिली लवकर व दुसरी उशिरा बदलावयाची असते. पुस्तिकेत वेगळे सांगितले नसल्यास दोन्ही एकाच वेळी बदलू नयेत. बदलताना हललेली घाण अडविण्यास एक मुरलेली गाळणी जागेवर राहणे हिताचे असते.

पूर्वतयारी

नवी गाळणी पुस्तिकेतील क्रमांकाप्रमाणे व खात्रीच्या दुकानातूनच घ्यावी. तिच्यासोबत रबरी कड्या व वायसर आहेत की नाहीत हे तेथेच पाहावे. ट्रॅक्टर सपाट जागी, वाऱ्याच्या व धुळीच्या आड उभा करावा. इंजिन थंड होऊ द्यावे, ब्रेक लावावा व किल्ली काढून घ्यावी. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सियस असतो, आणि उन्हाळ्यात आपल्याकडील तापमान त्याहून बरेच वर जाते. म्हणून जवळपास विडी, चूल किंवा ठिणगी असता कामा नये.

यानंतरची पायरी पुष्कळजण वगळतात, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. गाळणी उघडण्यापूर्वी तिचा बाहेरील भाग, वरचे डोके व नळ्यांचे सांधे यांवरील माती ब्रशाने व फडक्याने पूर्णपणे काढावी. हातही धुऊन घ्यावेत. कापसाचा बोळा किंवा धागे सुटणारी चिंधी वापरू नये.

बदलण्याची रीत

प्रथम टाकीखालचा कॉक बंद करावा. गाळणीखाली भांडे ठेवून तळाचा निचरा स्क्रू सैल करावा व आतील डिझेल काढून घ्यावे. ते काचेच्या बाटलीत भरून थोडा वेळ ठेवल्यास तळाशी पाणी आहे की नाही ते कळते. पाणी दिसल्यास टाकीचाही तळ निचरून घ्यावा.

वाटीच्या प्रकारची गाळणी असल्यास एका हाताने वाटी धरून मधला बोल्ट सोडावा. स्प्रिंग, वायसर व रबरी कड्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने स्वच्छ कागदावर मांडून ठेवाव्यात. वाटी स्वच्छ डिझेलने धुवावी. जुनी रबरी कडी वरच्या खाचेत चिकटून राहिलेली नाही याची खात्री करावी. तिच्यावरच नवी कडी बसविली गेल्यास गळती हमखास होते. नव्या कडीस डिझेलचे बोट लावून ती खाचेत नीट बसवावी, गाळणी सरळ ठेवावी व बोल्ट बेताने आवळावा. अति जोर केल्यास आटे जातात.

डब्यासारखी, फिरवून बसणारी गाळणी असल्यास कडी डोक्यास टेकेपर्यंत ती हाताने फिरवावी व त्यानंतर डब्यावर छापलेल्या सूचनेइतकीच, साधारणपणे अर्धा ते पाऊण फेरा, आवळावी. शेवटच्या गाळणीत वरून डिझेल ओतून ती बसवू नये. ते न गाळलेले डिझेल सरळ पंपाकडे जाते.

हवा काढणे

गाळणी उघडली की नळ्यांत हवा शिरते. हवा दाबली जाते, पण डिझेलप्रमाणे दाब पुढे पोहोचवीत नाही. म्हणून ट्रॅक्टरने ‘एअर धरली’ की स्टार्टर कितीही फिरविला तरी नोझल उघडत नाही व बॅटरी मात्र उतरते.

कॉक उघडून गाळणीच्या डोक्यावरील हवेचा स्क्रू दोन आटे सैल करावा व फीड पंपाचा हात मारीत राहावे. प्रथम फेस येईल, नंतर बुडबुडे, आणि अखेरीस सलग धार. धार सुरू असतानाच स्क्रू आवळावा. दोन गाळण्या असल्यास टाकीकडील गाळणीपासून आरंभ करावा व नंतर पंपावरील स्क्रूची हवा याच रीतीने काढावी. इंजिन सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावे, सर्व सांधे कोरड्या फडक्याने पुसून गळती पाहावी आणि तारीख व मीटरवरील तास वहीत नोंदवावेत.

नव्या इंजिनांबाबत सावधगिरी

५० अश्वशक्तीहून अधिक क्षमतेच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ‘ट्रेम ४’ ही उत्सर्जन मानके लागू झाली. अशा पुष्कळ इंजिनांत कॉमन रेल पद्धती असते. जुन्या नोझलचा दाब सुमारे दोनशे बार, तर या पद्धतीत तो हजार बारहून अधिक असतो. मोटारीच्या चाकात हवेचा दाब जेमतेम दोन बार असतो, हे लक्षात घेतल्यास यातील धोका कळेल. अशा इंजिनाच्या उच्च दाबाच्या नळ्यांचे नट कधीही सैल करू नयेत व गळती बोटाने चाचपू नये. सूक्ष्म धार कातडी भेदून आत जाते. तसे घडल्यास जखम लहान दिसली तरी तात्काळ रुग्णालय गाठावे. या ट्रॅक्टरांची गाळणी पुस्तिकेतील रीतीनेच बदलावी आणि हमीची मुदत चालू असल्यास ते काम अधिकृत सेवा केंद्राकडे सोपवावे.

डिझेलची राखण

गाळणी वारंवार तुंबत असेल, तर दोष साठवणीत शोधावा. डिझेल जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपात ठेवू नये. जस्ताची डिझेलशी क्रिया होऊन गाळ तयार होतो. भरलेले पिंप एक दिवस स्थिर ठेवावे व तळाचे चार बोटे डिझेल टाकीत घेऊ नये. दिवसाचे काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीतील दमट हवेचे रात्रीच्या गारव्यात पाणी होते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून काळसर बुळबुळीत साका धरतो. काढलेले घाण डिझेल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. थोडेसे डिझेलही पिण्याचे पाणी नासविण्यास पुरे असते.

बैलजोडीच्या खुरांची व खांद्यांची निगा आपल्या वाडवडिलांनी पेरणीच्या आधी घेतली, पेरणी चालू असताना नव्हे. ट्रॅक्टरचीही निगा याच विचाराने घ्यावी. मे महिन्यातील एका सकाळी स्वच्छ हातांनी बदललेली गाळणी जूनमधील वाफशाचे मोलाचे दिवस राखते.