फुटपाथवर राहणं फुकट नसतं

फुटपाथवरचं बिऱ्हाड दिसलं की पहिलं वाक्य ठरलेलं : ‘फुकट राहतात, काम नको यांना.’ 1985 सालच्या ऑल्गा टेलिस खटल्याच्या निकालपत्रात या फुकटेपणाचा हिशेबच दिलेला आहे. त्यातला एक अर्जदार 1969-70 च्या सुमारास संगमनेरहून मुंबईत आलेला. चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे, त्यात गावातलं घर पडलं. मुंबईत महिना 350 रुपयांवर तो बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला त्याने तिथल्या गुंडाला 300 रुपये मोजले, बांबू आणि प्लास्टिकला 700. जवळजवळ तीन महिन्यांचा पगार गेला, आणि पावती कसली मिळणार?

खर्चाची ही तऱ्हा आजही तीच आहे. शौचालयाला पैसे, अंघोळीला पैसे, पाण्याला पैसे. पहाटे मजूर नाक्यावर उभे राहणारे, केटरिंगमध्ये वाढणारे आणि भांडी घासणारे, भंगार वेचणारे, गजरे ओवणाऱ्या बाया, बाजारात पाट्या उचलणारे यांच्यातले कितीतरी जण रात्री रस्त्यावरच पाठ टेकतात. कामाची जागा चालत गाठता येते, म्हणून तो फुटपाथ. लोकलचा पास परवडत असता तर कदाचित चित्र वेगळं असतं.

‘सगळे बाहेरचे’ हा दुसरा आवडता समज. संगमनेर कुठे आहे हे सांगायला नकोच. मुंबईच्या पदपथांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी पारधी कुटुंबंही मूळची महाराष्ट्रातलीच. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो 31 ऑगस्ट 1952 रोजी कागदावरून पुसला गेला. तरी परिसरात चोरी झाली की पारध्यांच्या पालांकडेच आधी बोट जातं, आणि भाड्याने खोली मागायला गेलं की आडनाव विचारून दार लावून घेतलं जातं. आळशीपणाचा आरोप करण्याआधी एवढं तरी लक्षात घ्यावं.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न : ‘सरकारी निवारे आहेत ना, मग तिथे का जात नाहीत?’ सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या आदेशांनंतर शहरांना वर्षभर, चोवीस तास चालणारे निवारे उभारणं भाग पडलं. केंद्राच्या योजनेतलं प्रमाण आहे दर लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची सोय. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी होती. म्हणजे साडेबारा हजार जणांची सोय व्हायला हवी. त्याच जनगणनेत शहरात बेघर मोजले गेले सुमारे 57 हजार, तेही एका रात्रीच्या मोजणीत. नियम तंतोतंत पाळला तरी चार-पाच जणांतल्या एकालाच अंथरूण मिळणार, आणि तो नियमही आपण पाळलेला नाही. शिवाय बरेच निवारे फक्त पुरुषांचे किंवा फक्त बायकांचे. नवरा एकीकडे, बायको-मुलं दुसरीकडे, आणि वेचलेल्या भंगाराच्या गोणीला कुठेच जागा नाही. नाका दोन तासांवर असेल तर सकाळचं काम बुडतं. अशा वेळी नाही म्हणणारा माणूस अडेलतट्टू नसतो, त्याने हिशेब केलेला असतो.

‘पत्ताच नाही, तर मतदान कसलं?’ यावरही नियम आहे, आणि तो मला फार आवडतो. बेघर माणसाकडे रहिवासाचा पुरावा मागायचा नसतो. त्याने अर्जात सांगितलेल्या जागी तो खरोखर झोपतो का, हे मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री जाऊन पाहायचं असतं, एकाहून अधिक रात्री. पण मतदार ओळखपत्र आणि बाकीचे कागद पुढे टिकले पाहिजेत. ‘गाडी आली’ अशी हाक उठली की पालिकेच्या गाडीत सामान जातं, आणि पिशवीतलं आधारकार्ड, रेशनकार्ड, मुलाचा शाळेचा दाखलाही. मग पुन्हा पहिल्यापासून. एखाद्या कुटुंबाला हे कागद काढून देण्यात दोन दुपारी घालवल्या, तर त्याचा उपयोग थंडीतल्या पाचव्या ब्लँकेटपेक्षा जास्त. मुंबईत खरी अडचण पावसाची असते, तेव्हा मात्र ताडपत्री घेऊन फारसं कोणी येत नाही. काय हवंय ते मावशींना, काकांना आधी विचारावं. उत्तर चप्पल असू शकतं, औषधाची चिठ्ठी असू शकते, किंवा ‘काही नको’ हेही.

भीक मागण्याबद्दल थोडक्यात : 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबण्याची त्यात तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिथल्यापुरती त्यातली बरीच कलमं रद्द केली. बेघर म्हणजे भिकारी हे समीकरण चूक आहेच, पण जो भीक मागतो तो गुन्हेगार कसा, हेही मला कळलेलं नाही.

उरला ‘वेडा आहे, जवळ जाऊ नका’ हा इशारा. केस वाढलेला, स्वतःशी बोलणारा माणूस बहुधा आजारी असतो आणि बरा होऊ शकतो. डॉ. भरत वाटवाणी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था कर्जतला अशांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. या कामासाठी त्यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 100 नुसार स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा व्यक्तीला संरक्षण देणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. तिला 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यावं लागतं, कोठडीत ठेवता येत नाही आणि घरच्यांचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा असतो. म्हणून 112 वर फोन करताना ‘एक वेडा बसलाय’ असं म्हणू नका. नेमकी जागा आणि कपड्यांची खूण सांगा, जखम असेल तर तीही सांगा आणि कलम 100 चं नाव घ्या. पलीकडून टाळाटाळ झाली, तर बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा.