खुरटलेल्या गोल्डफिशला टाकी केवढी?
काचेच्या गोल भांड्यात वर्षानुवर्षे बोटभरच राहिलेला गोल्डफिश लहान जातीचा नसतो, खुरटलेला असतो. मोकळ्या पाण्यात साधा गोल्डफिश २० सेंटिमीटरही ओलांडतो. म्हणून टाकी घेताना आजचे अंग नव्हे, पूर्ण वाढ धरावी. ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच टाकी म्हणजे सुमारे १९० लिटर पाणी. त्यात दोन मासे पुरे. दुकानदार सहा सांगेल! मारेगावसारख्या तापणाऱ्या गावी मे महिन्यात उंच टाकीपेक्षा रुंद बरी, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि तो शिरतो पृष्ठभागातून. मोठ्या टाकीत खुरटलेला मासा पुन्हा वाढेल का? मत्स्यशेतीत मुद्दाम खुरटवलेली रोहू-कटलाची बोटुकली मोठ्या तळ्यात सोडल्यावर झपाट्याने वाढते. म्हाताऱ्या गोल्डफिशकडून मात्र तेवढी अपेक्षा नको.